शेतकऱ्याच्या घराचा पब कसा होतो

इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या पबचं चित्र आपल्या ओळखीचं असतं. काळ्या लाकडांची चौकट, मधे पांढऱ्या भिंती, वर गवताचं जाडजूड छप्पर, दारावर लोंबणारी रंगीत पाटी, आत शिरताना वाकावं लागेल असं ठेंगणं दार. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी पब बांधायचा ठरवून हे सगळं असंच बांधलं असणार. पण खेड्यांतले बरेचसे जुने पब मुळात पब नव्हतेच. ती राहती घरं होती, त्यातली पुष्कळशी शेतकऱ्यांची. प्रत्येक पिढीने आपल्या गरजेपुरता बदल केला, आधीचं शक्यतो तसंच ठेवलं, आणि पाच-सहाशे वर्षांत जे साठत गेलं त्याला आज आपण ऐतिहासिक पब म्हणतो. म्हणून अशा इमारतीसमोर उभं राहिल्यावर वास्तुशैलीचं नाव आठवत बसण्यापेक्षा एकच प्रश्न विचारत राहावा: हा भाग कधी आला आणि कशासाठी आला?

ब्रेटफर्टन गावातला ‘द फ्लीस इन’ हा पब यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. हे गाव वूस्टरशर परगण्यात, एव्हशॅमच्या पूर्वेला काही मैलांवर आहे. प्लमच्या बागा आणि अ‍ॅस्परॅगसची शेती यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे खोरं. फ्लीसची मूळ इमारत पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, बर्ड नावाच्या एका सधन शेतकऱ्याची. तिथे पब सुरू झाला तो थेट १८४८ मध्ये. म्हणजे चारशेहून जास्त वर्षं ते नुसतं शेतकऱ्याचं घर होतं. पुढेही ते त्याच घराण्यात राहिलं. शेवटच्या मालकीण लोला टॅप्लिन १९७७ मध्ये वारल्या आणि जाताना त्यांनी ही वास्तू नॅशनल ट्रस्टला, म्हणजे ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकली. मालकी बदलली की नवा मालक सगळ्यात आधी भिंती पाडतो. इथे तसं घडायची वेळच आली नाही, म्हणून या इमारतीत थर अजून वेगवेगळे ओळखता येतात.

सुरुवात जमिनीवरच्या आखणीपासून करू. बर्डचं घर हे ‘लाँगहाऊस’ होतं, म्हणजे एकाच लांबट छपराखाली माणसं आणि जनावरं. एका टोकाला कुटुंब, दुसऱ्या टोकाला गोठा, आणि अशा घरांत बहुधा मधोमध समोरच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जाणारा आरपार बोळ. बोळातून एका हाताला वळलं की चूल, दुसऱ्या हाताला वळलं की गाई. थंडीत जनावरांची ऊब घराला मिळायची. पुढे लोकांच्या हाती पैसा आला तशी जनावरं बाहेरच्या गोठ्यात गेली आणि त्या टोकाला कोठार, दुधाची खोली, बिअर बनवायची खोली असं काहीबाही झालं. मधला बोळ मात्र पुष्कळ घरांत टिकला. पुढे पब झाल्यावर तो फारच सोयीचा पडला. रस्त्यावरून आलेलं गिऱ्हाईक आधी बोळात येतं आणि तिथून हव्या त्या खोलीत वळतं, घरच्या माणसांच्या अंगावरून जावं लागत नाही. आज इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या पबात दार उघडल्यावर समोर खोली न दिसता अरुंद बोळ दिसला, तर तो बोळ पबपेक्षा कितीतरी जुना असण्याची शक्यता मोठी असते.

आता लाकूड. जुन्या घराची लांबी आपण खणांत सांगतो, दोन खांबांच्या रांगांमधली जागा म्हणजे एक खण. इंग्लंडच्या या घरांचा हिशोबही नेमका तसाच. ठरावीक अंतरावर लाकडी चौकटी उभ्या करायच्या आणि दोन चौकटींमधला भाग हा एक खण. सगळा भार चौकट घेते. मधली भिंत पडली तरी घर उभं राहतं. या चौकटीचे दोन मुख्य प्रकार. एका प्रकारात नैसर्गिकरीत्या वाकलेलं झाड उभं चिरून त्याच्या दोन जुळ्या फाका समोरासमोर अशा उभ्या करतात की त्या जमिनीपासून निघून थेट आढ्यापाशी भेटतात. याला ‘क्रक’ म्हणतात. वूस्टरशर आणि शेजारच्या परगण्यांत ही पद्धत खूप होती. त्याच परगण्यातलं ली कोर्टचं चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार ही ब्रिटनमधली सगळ्यात मोठी क्रक-चौकटीची इमारत आहे. दुसरा प्रकार साधा: उभे खांब, आडव्या तुळया, वर छपराची कैची, सगळं मिळून एक पेटी.

लाकूड ओकचं, आणि तेही ओलं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण चांगलं लाकूड म्हणजे वाळवलेलं लाकूड अशी आपली समजूत असते. वाळलेला ओक इतका टणक होतो की हाताच्या हत्यारांनी त्यात खाचा पाडणं जिवावर येतं. म्हणून झाड तोडलं की फार थांबायचं नाही, ओलं असतानाच तासायचं आणि जोडायचं. मग ते लाकूड जागच्या जागी वाळतं, आक्रसतं, थोडं पिळतं. जुन्या पबची तिरकी दारं आणि लाटांसारखी जमीन ही बरीचशी या वाळण्याची करामत आहे. पहिल्या काही वर्षांत जे वाकायचं ते वाकलं आणि नंतर शतकानुशतकं तसंच राहिलं.

ओलं लाकूड वाळताना सांधे सैल व्हायला हवेत. ते का होत नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढतात, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडतात आणि दोन्हींतून आरपार भोक पाडून त्यात लाकडी खुंटी ठोकतात. खिळा नाही, बोल्ट नाही. सुतार ही भोकं मुद्दाम एका रेषेत पाडत नसे. जिभेवरचं भोक खाचेच्या भोकापेक्षा किंचित जिभेच्या मुळाकडे. खुंटी ठोकली की ती वाकत वाकत आत जाते आणि जीभ खाचेत आणखी घट्ट ओढून घेते. पुढे लाकूड आक्रसलं तरी खुंटीचा ताण सांधा सोडत नाही. या एवढ्याशा चुकवलेल्या भोकाच्या जोरावर सहाशे वर्षांच्या इमारती उभ्या आहेत. मला या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

चौकट आधी सुताराच्या अंगणात आडवी जोडून बघायची, मग सुटी करून गाडीतून जागेवर न्यायची, अशी रीत होती. कुठलं लाकूड कुठे बसतं हे कळावं म्हणून सुतार सांध्यांवर पटाशीने रोमन आकडे कोरत. चार हा आकडा ते बहुतेक चार उभ्या रेघांनी लिहीत, कारण प्रचलित रोमन चार उलट्या बाजूने बघितला की सहाशी घोटाळा होतो. जुन्या पबात बसल्यावर तुळई आणि खांब जिथे मिळतात तिथे नीट पाहावं. काळ्या रंगाच्या पुटांखाली या रेघा पुष्कळदा दिसतात.

चौकटीच्या मधल्या जागा कुडाच्या भिंतींनी भरलेल्या असत. ओकच्या उभ्या काठ्या, त्यांच्यात हेझलच्या लवचीक फांद्या विणायच्या, दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि कापलेला पेंढा यांचा चिखल थापायचा, वरून चुन्याचा हात. स्वस्त, हलकं, आणि दुरुस्तीला सोपं काम. पुढे विटा स्वस्त झाल्यावर काही चौकोनांत कूड काढून विटा भरल्या गेल्या. त्याने घर भक्कम झालं असं दिसतं, पण विटांचं वजन चौकटीवर येतं आणि पाऊस शोषलेली वीट लाकडाला बिलगून ओली राहते.

खरी नासाडी केली ती सिमेंटने. विसाव्या शतकात अनेक जुन्या घरांचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला गेला. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, भिंत पक्की व्हावी हा. पण ओकची चौकट ऋतूप्रमाणे फुगते आणि आक्रसते. चुना थोडा हलतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि आत गेलेलं पाणी त्याच्यातूनच बाहेर उडून जातं. सिमेंट हलत नाही. लाकूड आणि सिमेंट यांच्यामधे केसाएवढी फट पडते, पाऊस त्या फटीतून आत जातो आणि त्याला परतीची वाट मिळत नाही. बाहेरून भिंत कोरडी ठणठणीत, आत ओक कुजतोय. पाचशे वर्षं टिकलेल्या लाकडाची अशा दुरुस्तीनंतर काही दशकांत माती होते. म्हणून आज जाणकार लोक अशा इमारतीला हात लावताना आधी सिमेंट काढतात आणि पुन्हा चुना वापरतात. चुना वापरण्यामागे जुन्याच्या हौसेपेक्षा हा ओलाव्याचा हिशोब असतो.

आणि तो प्रसिद्ध काळा-पांढरा रंग? बऱ्याच ठिकाणी तो एकोणिसाव्या शतकातल्या आवडीचा परिणाम आहे. डांबर सहज मिळू लागलं, जुन्या लाकडी घरांबद्दल नवं आकर्षण निर्माण झालं आणि चौकटी काळ्या झाल्या. त्याआधी ओक तसाच उघडा सोडत. तो उन्हापावसात रुपेरी करडा होतो. भिंतींना चुन्याचा पांढरा किंवा मातीचा पिवळसर हात असे, कधीकधी तोच हात लाकडांवरूनही सरळ फिरवलेला असे. आपल्या डोळ्यांसमोरचं ‘मध्ययुगीन’ चित्र असं बरंचसं व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं निघतं.

यानंतर घराच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना, धुराडं. सुरुवातीच्या घरांत धुराडं नव्हतंच. मधली मोठी खोली जमिनीपासून छपरापर्यंत मोकळी, मधोमध जमिनीवर विस्तव, आणि धूर आपला वर जाऊन छपरातून वाट काढणार. सोळाव्या-सतराव्या शतकांत एकामागून एक घरांनी विटांची किंवा दगडांची धुराडी बांधून घेतली. त्यासरशी घराचा आतला आकारच पालटला. धूर बांधला गेल्यामुळे वरची जागा राहण्याजोगी झाली. मग मोकळ्या खोलीत मध्येच तुळया टाकून माळा घातला गेला आणि एका उंच खोलीच्या दोन बुटक्या खोल्या झाल्या. जुन्या पबात डोक्याला लागणारी छतं ही अनेकदा अशी मागाहून घातलेली असतात. त्या काळची माणसं ठेंगणी होती म्हणून छतं खाली, हे स्पष्टीकरण वारंवार ऐकू येतं. खरं कारण हे की असलेल्या उंचीत दोन मजले बसवायचे होते, आणि बुटकी खोली गरम ठेवायला सरपण कमी लागतं.

हा बदल झाला की नाही याचा पुरावा माळ्यावर सापडतो. छपराचे वासे काजळीने काळे असतील तर खाली कधीकाळी उघडा विस्तव पेटत होता हे नक्की. डेव्हन परगण्यातल्या काही घरांत तर वाश्यांवरचं गवतही मध्ययुगातलं, धुराने काळं पडलेलं, अजून शाबूत आहे. गवत शाकारताना जुना थर पूर्ण न काढता वरचाच खराब भाग काढून नवा थर चढवायची तिथली पद्धत होती, म्हणून तळाशी असलेलं गवत वाचलं. त्यात त्या काळी पिकणाऱ्या गव्हाचे आणि राय या धान्याचे जुने वाण अभ्यासकांना मिळाले आहेत.

धुराड्याबरोबर आली ती खोलीएवढी चूल. ‘इंगलनुक’ म्हणतात तिला. जाड ओकची एकच तुळई आडवी, तिच्याखाली माणूस उभा राहील एवढी पोकळी, आत विस्तव आणि दोन्ही बाजूंना बसायला बाक. एका भिंतीत पाव भाजायची भट्टी, दुसरीत मीठ कोरडं राहावं म्हणून लहानसा कोनाडा. घराचं स्वयंपाकघर, ऊब आणि बैठक हे सगळं एवढ्या जागेत. पब झाल्यावर गिऱ्हाइकंही ओढीने तिथेच बसायला लागली, यात नवल नाही.

फ्लीसमधल्या चुलींसमोर जमिनीवर खडूने काढलेली पांढरी वर्तुळं आहेत. धुराडं हे घराचं कायम उघडं असलेलं तोंड. तिथून चेटकिणी आत येतील अशी धास्ती जुन्या इंग्लंडमध्ये होती आणि वर्तुळ काढलं की त्या पुढे येऊ शकत नाहीत असा समज. टॅप्लिन घराण्याने ही रीत पाळली आणि आजही ती वर्तुळं पुसली की पुन्हा काढली जातात. इतर घरांत याच कारणासाठी चुलीवरच्या तुळईवर कर्कटकाने कोरलेली सहा पाकळ्यांची फुलं दिसतात, किंवा मुद्दाम मेणबत्तीने दिलेले थेंबाच्या आकाराचे चटके. सुताराच्या रेघा आणि या खुणा शेजारी शेजारी असतात, आणि दोन्हींकडे सारख्याच गांभीर्याने पाहावं असं मला वाटतं. एकीवर घर उभं राहिलं, दुसरीच्या भरवशावर आतली माणसं शांत झोपली.

गवताचं छप्पर दिसायला नाजूक वाटतं, पण ते विचारपूर्वक केलेलं काम आहे. उतार साधारण ५० अंशांचा, म्हणजे चांगलाच उभा. पाणी एका काडीवरून दुसऱ्या काडीवर असं घरंगळत खाली येतं. ओला होतो तो फक्त वरचा पातळ थर, आतलं गवत कोरडंच राहतं. पन्हळ नसते, म्हणून वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली असते. पाणथळ जागेतल्या बोरूचं छप्पर ४० वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं, गव्हाच्या पेंढ्याचं त्यापेक्षा कमी. आढ्यावरची पट्टी मात्र दर १०-१५ वर्षांनी नवी करावी लागते.

या छपराला भीती आगीची. फ्लीसवर ती वेळ २७ फेब्रुवारी २००४ रोजी आली. धुराड्यातून उडालेली ठिणगी छपराच्या गवतात गेली आणि इमारतीचं मोठं नुकसान झालं. दाबून बसवलेलं गवत भडकण्यापेक्षा आतल्या आत धुमसत पसरतं आणि वरून मारलेलं पाणी त्यावरून वाहून जातं, कारण पाणी वाहून जावं म्हणूनच ते रचलेलं असतं. अशा वेळी छप्पर फोडून जळका भाग वेगळा करावा लागतो. जाड ओक मात्र आगीत पुष्कळ तग धरतो. त्याचा वरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. ओक साधारण मिनिटाला अर्धा मिलिमीटर या गतीने आत जळत जातो, त्यामुळे वीतभर जाडीच्या तुळईचा गाभा बराच वेळ भार पेलत राहतो. नॅशनल ट्रस्टने दुरुस्ती केली आणि जून २००५ मध्ये फ्लीस पूर्ववत सुरू झालं.

हे सगळं घराबद्दल झालं. आता त्यात पब कसा शिरला ते बघू. इंग्लंडच्या खेड्यांत एल ही बिअर घरोघरी, बहुतेक बायकाच बनवत. पिंप तयार झालं की घराबाहेर काठीला झुडपाचा जुडगा बांधायचा, म्हणजे आज या घरी विकत मिळेल हे गावाला कळे. १५५२ च्या कायद्याने अशा विक्रीसाठी न्यायाधीशांचा परवाना लागू झाला. मग १८३० मध्ये एक कायदा आला आणि त्याने खेड्यांचं रूप बदललं. जिन या कडक दारूचं व्यसन आटोक्यात यावं म्हणून सरकारने बिअर सोपी केली. कर भरणाऱ्या कुणाही घरमालकाने दोन गिनी भरून परवाना घ्यावा आणि आपल्या राहत्या घरात बिअर विकावी. काही महिन्यांतच देशभर अशी हजारो घरं उघडली. नवीन इमारत कोण बांधतो? पुढची खोली गिऱ्हाइकांना, मागची कुटुंबाला, झालं. १८४८ मध्ये फ्लीसने दार उघडलं तेव्हा अशा घरांची इंग्लंडमध्ये चांगलीच रेलचेल होती.

म्हणून या पबांत आपण ज्याला पबची ओळख समजतो तो काउंटर सगळ्यात नवा असतो. आधी काउंटर नव्हताच. पिंपं तळघरात किंवा मागच्या थंड खोलीत, आणि मालकीणबाई तिथून जगमध्ये बिअर भरून टेबलाशी आणून देणार. शहरांतल्या जिनच्या दुकानांनी एकोणिसाव्या शतकात लांब काउंटर रूढ केला, कारण तिथे गर्दी होती आणि हिशोब भराभर व्हायला हवा होता. जोसेफ ब्रामाह यांनी १७९७ मध्ये बिअर वर खेचणाऱ्या पंपाचं पेटंट घेतलं होतं. तो पंप काउंटरवर बसला आणि दर पेल्यामागे तळघरात जाण्याची गरज संपली. खेड्यांत हे उशिरा पोचलं, काही ठिकाणी पोचलंच नाही. सफकमधल्या लॅक्सफील्डच्या ‘किंग्ज हेड’मध्ये आजही काउंटर नाही, मागच्या खोलीत पिंपं ओळीने मांडलेली असतात. तिथे विस्तवाभोवती उंच पाठीचे बाक असे लावले आहेत की खोलीच्या आत आणखी एक खोली तयार होते. त्या उंच पाठीमागे शुद्ध व्यवहार आहे: दाराखालून येणारा गार वारा बसलेल्यांच्या मानेला लागू नये.

पिंपातली जिवंत, म्हणजे पिंपातच आंबत राहणारी, बिअर ११ ते १३ अंश सेल्सियस तापमानाला ठेवावी लागते. इंग्लंडच्या हवेत जमिनीखालची किंवा उत्तरेकडची दगडी खोली वर्षातला बराच काळ आपोआप तेवढीच थंड असते. शेतकऱ्याच्या घरात अशी एखादी खोली दूध-लोण्यासाठी आधीपासून असेच. तीच पिंपांच्या कामी आली. फ्लीसमध्ये गिऱ्हाइकांसाठी तीन जुन्या खोल्या आहेत, ब्रूहाऊस, डगआऊट आणि प्यूटर रूम. ब्रूहाऊस म्हणजे बिअर बनवायची खोली. प्यूटर रूममध्ये कथलाच्या मिश्रधातूची सतराव्या शतकातली ताटं आणि भांडी मोठ्या मांडणीवर ओळीने लावलेली आहेत. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईला निघालेल्या क्रॉमवेलने, म्हणजे राजाविरुद्ध लढणाऱ्या संसदेच्या सेनापतीने, ती इथे ठेवली अशी दंतकथा गावात आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी एवढं खरं की सधन शेतकऱ्याच्या घरातली भांडी त्याच घरात, मांडणीवर, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर आहेत. लोला टॅप्लिन यांना पबात बटाट्याचे वेफर विकलेले चालायचे नाहीत आणि ती अट अजून पाळतात असं सांगतात.

अर्थात सगळेच जुने पब असे घरातून उगवले नाहीत. सरायी वेगळ्या, त्या मुक्कामासाठीच बांधलेल्या. सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावातली ‘द जॉर्ज’ ही हिंटनच्या कार्थुशियन, म्हणजे एका ख्रिस्ती साधुपंथाच्या, मठाने बांधलेली सराय. गावात लोकरीचा मोठा बाजार भरे, व्यापाऱ्यांना उतरायला आणि माल ठेवायला जागा हवी होती. तळमजला दगडी, मधोमध कमानदार दार, आणि त्यावर लाकडी चौकटीचे दोन मजले, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा रस्त्याच्या बाजूला पुढे आलेला. असा पुढे आलेला मजला जागा वाढवतो, खालची भिंत पावसापासून झाकतो आणि मालकाची ऐपतही दाखवतो. १६६८ मध्ये प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स इथे जेवून गेला. १६८५ मध्ये बंडखोर ड्यूक ऑफ मॉनमथने इथे तळ ठोकला. सरायीत अंगण, तबेले, वर राहण्याच्या खोल्या हे सगळं योजून आखलेलं असतं. फ्लीसमध्ये काहीच योजलेलं नाही. दोन्हींचं दर्शनी रूप काहीसं सारखं दिसलं, तरी आतून त्या अगदी निराळ्या जातीच्या इमारती आहेत.

या इमारतींचं सगळ्यात जास्त नुकसान गेल्या साठ-सत्तर वर्षांत झालं, आणि ते बहुतेक आतून झालं. १९६०-७० च्या दशकांत लहान लहान खोल्यांमधल्या भिंती पाडून एकच मोठा हॉल करायची लाट आली. एका काउंटरवरून सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं, नोकर कमी लागतात. बाहेरून पब तोच, पण बोळ गेला, चुलीची खोली गेली, म्हाताऱ्या मंडळींची कोपऱ्यातली जागा गेली. माझ्या मते हे नुकसान जळालेल्या छपरापेक्षा मोठं आहे. छप्पर पुन्हा शाकारता येतं. खोल्यांची आखणी ही माणसं कशी राहत, कशी बसत याची एकमेव नोंद असते, आणि ती पाडल्यावर दुसरीकडे कुठे लिहिलेली सापडत नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या बिअरप्रेमींच्या संघटनेला हे लवकर कळलं. त्यांनी चांगल्या बिअरबरोबरच न बदललेल्या अंतर्भागांची देशभर पाहणी करून यादी केली. फ्लीस आणि किंग्ज हेड दोन्ही त्या यादीत आहेत.

कायद्याचं संरक्षणही आहे. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून महत्त्वाच्या इमारतींची सरकारी यादी होते. तिच्यात पहिली, तारांकित दुसरी आणि साधी दुसरी अशा तीन श्रेणी आहेत आणि ९० टक्क्यांहून जास्त इमारती सगळ्यात खालच्या, साध्या दुसऱ्या श्रेणीत असतात. यादीत आलेल्या इमारतीचा आतला भागही संरक्षित होतो, परवानगीशिवाय साधं जुनं बाक काढणंही गुन्हा ठरू शकतो. अडचण यादीत नसलेल्यांची. स्टॅफर्डशरमधल्या हिमलीजवळचं ‘क्रुकेड हाऊस’ हे १७६५ मधलं शेतकऱ्याचं घर. खालच्या खाणींमुळे जमीन खचून एका अंगाला कललेलं, आणि १८३० च्या सुमाराला पब झालेलं, म्हणजे फ्लीसचीच कहाणी. ५ ऑगस्ट २०२३ रोजी त्याला आग लागली आणि दोन दिवसांत, परवानगी न घेता, ते जमीनदोस्त केलं गेलं. ते यादीत नव्हतं. लोक हळहळले, मोर्चे निघाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थानिक कौन्सिलने आगीपूर्वी होतं तसं ते तीन वर्षांत पुन्हा बांधण्याचा आदेश काढला.

असा आदेश प्रत्यक्षात उतरू शकतो हे लंडनमधल्या कार्लटन टॅव्हर्नने दाखवलं आहे. खेड्यातला नसलेला, १९२०-२१ मधला हा पब एप्रिल २०१५ मध्ये बेकायदा पाडला गेला. यादीसाठीची पाहणी त्याआधी नुकतीच झाली होती आणि विटा-फरशांपर्यंतचा तपशील नोंदवलेला होता. त्या नोंदीवरून वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो जसाच्या तसा उभा करायला लावला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. क्रुकेड हाऊसच्या बाबतीत अशी आयती नोंद कमी आहे, त्यामुळे लोकांनी वर्षानुवर्षं आत काढलेले घरगुती फोटोही तिथे पुराव्यासारखे कामी येऊ शकतात. इंग्लंडमध्ये राहणारी किंवा फिरायला जाणारी आपली मंडळी पुष्कळ आहेत. गावातल्या पबात गेलात तर पाटीचा आणि पेल्याचा फोटो काढाच, पण चूल, बोळ, छताच्या तुळया आणि सांध्यांवरच्या रेघा यांचेही दोन-चार काढून ठेवा.